मासळीशेजारची दाबू-दाबू

मासळी म्हटली की आपल्या घरात आधी वाटणाची तयारी सुरू होते. इंडोनेशियातही फारसे वेगळे नाही. तिकडे मिरचीच्या चटणीला सांबाल म्हणतात आणि पुष्कळशा सांबाल पसरट दगडी खलात रगडूनच होतात. पण त्याच देशात, सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला मनाडो नावाचे बंदराचे शहर आहे. तिथली दाबू-दाबू रगडत नाहीत, शिजवीत नाहीत, नुसती चिरतात.

लाल मिरच्या, लवंगीसारख्या बारीक जहाल मिरच्या, छोटे कांदे, पिकलेला नि हिरवा टोमॅटो, मीठ आणि लेमोन चुई नावाच्या इवल्याशा लिंबाचा रस. कुणी वरून चमचाभर कडकडीत तेल घालतात. निखाऱ्यावर भाजलेल्या माशाशेजारी ही वाटी येते.

आमच्या मते सारी गंमत या 'शेजारी'त आहे. माशाला मसाला माखला की त्याचे शिळेपण झाकता येते, आणि बाजारातले काही हुशार लोक ते झाकतातही. दाबू-दाबू काहीच झाकीत नाही. मासा उतरलेला असेल तर पहिल्या घासाला कळते. शिवाय तिखट किती घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; लेकरांसाठी चुलीपाशी दुसऱ्यांदा उभे राहणे घरच्या बाईला नको.

तिलाही शिळेपण सोसत नाही. मिठाने टोमॅटोला पाणी सुटते, आपल्या कोशिंबिरीसारखेच. म्हणून ऐनवेळी करायची. टिकवायची म्हणून शिजवून बाटलीत भरली, की तो दुसराच पदार्थ झाला.

मनाडोत मिरचीला रिचा म्हणतात. इंडोनेशियन भाषेत मिरीला मेरिचा. तो शब्द संस्कृत 'मरिच'वरून तिकडे गेला. आपली मिरी नि मिरची त्याच घराण्यातली. वस्तू मात्र परकी! मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे अमेरिकेचे. १६ व्या शतकात पोर्तुगीज-स्पॅनिश गलबते येण्यापूर्वी मनाडोत यांतले काहीच नव्हते. तरी आज दाबू-दाबू म्हणजे अस्सल मनाडो. आपल्याकडे 'अस्सल, शुद्ध, परंपरेचे' जेवण सांगणाऱ्यांच्या ताटातली मिरचीही त्याच गलबतांतून उतरलेली आहे, हे कुणीतरी त्यांना विचारावे.

करून पाहायची तर चार टोमॅटोंना आठ-दहा छोटे कांदे घ्यावेत, मिरच्या सोसतील तेवढ्या. लेमोन चुई नाही म्हणून अडू नका, कागदी लिंबू चालते. फक्त मासा तव्यावरून उतरल्यावरच पिळा.