चलन आलंय, पण काटा कुणाचा खरा?

धाकटा भाऊ कुवेतला असतो. गाडी त्याच्या नावावर, पण वर्षातले अकरा महिने ती चालवतो आम्ही. गेल्या सुट्टीत तो घरी आला आणि गाडी विकायची बोलणी निघाली. गिऱ्हाईकाने पहिलाच प्रश्न केला, "चलन बाकी नाही ना?" छातीठोकपणे नाही म्हणालो. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला आणि दोन चलनं दाखवली. दोन्ही वेगाची, प्रत्येकी २,००० रुपयांची. अम्मी बाजूलाच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, पोरांना शिस्त शिकवता ना?"

पहिल्या चलनात मर्यादा ६०, नोंदलेला वेग ८४. यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यात मर्यादा ६० आणि वेग ६७. इथे मात्र आम्ही अडलो. अशा दुपदरी रस्त्यावर आम्ही काटा ७० च्या पुढे जाऊ देत नाही, ती जुनी सवय. मग ६७ हा आकडा आला कुठून आणि ६० ची पाटी होती कुठे?

अशी भांडणं आता घरोघरी आहेत. जुम्म्यानंतर मशिदीबाहेर चार टेम्पोवाले, रिक्षावाले भेटले की विषय हाच. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "आमच्या मीटरवर एवढा वेग नव्हताच, पोलिसांचं यंत्रच बिघडलेलं." आमचं मत थोडं वेगळं आहे. भांडायला जागा आहे, पण ती मीटरमध्ये फारशी नाही.

गाडीचं मीटर खरा वेग सांगतच नाही. ते मुद्दाम थोडं जास्त दाखवेल असं बनवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, पण नव्या मॉडेलच्या मंजुरीच्या वेळी तो फरक खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर यापलीकडे जाऊ नये. म्हणजे गाडी खरोखर ८० ने पळत असेल तर काटा ८० पासून ९२ पर्यंत कुठेही असू शकतो, पण ७९ वर असता कामा नये. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम ठरावीक भारतीय मानकाचं मीटर सक्तीचं करतो.

याचा अर्थ साधा आहे. मीटरवर ७० दिसत असताना गाडी बहुधा ६६-६७ ने जात असते. भावाला बाजूला बसवून आम्ही निवळी ते हातखंबा हे करून पाहिलं. काटा ७० वर स्थिर धरला, त्याच्या हातातल्या मोबाइलचा जीपीएस ६७ दाखवत होता. (सरळ, मोकळ्या रस्त्यावर जीपीएसवर भरवसा ठेवता येतो. घाटात, दाट झाडीत आणि कशेडीच्या बोगद्यात नाही.) चलनातला आकडाही ६७ च. आमचं मीटर आणि पोलिसांचं यंत्र एकमेकांशी भांडतच नव्हते.

मीटर उलट बाजूला चुकतं ते बहुतेक वेळा आपल्याच हौसेने. मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. कंपनीने दिलेल्यापेक्षा पाच टक्के मोठ्या व्यासाचा टायर घातला की प्रत्येक फेऱ्यात गाडी पाच टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. अचूक मीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८४. आपल्याकडची तरुण पोरं जीपला, थारला रुंद-उंच टायर बसवतात आणि मग चलन आल्यावर यंत्राला शिव्या देतात. झिजलेल्या टायरचं उलटं होतं. चाक किंचित लहान झालेलं असतं, म्हणून मीटर आणखी जास्त दाखवतं.

आता पोलिसांचा काटा. महामार्गावर उभ्या असणाऱ्या इंटरसेप्टर गाडीतली लेसर स्पीडगन प्रकाशाचे बारीक ठोके पाठवते आणि ते आपल्या गाडीवर आपटून परतायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. हे एका सेकंदात अनेकदा होतं. अंतर किती झपाट्याने कमी झालं, तोच वेग. गन रस्त्याच्या बाजूला तिरकी उभी असेल तर आकडा कमीच येतो, म्हणजे फायदा चालकाचा. वीस अंशांच्या कोनात हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास जातो. रडारचा झोत लेसरपेक्षा बराच रुंद असतो. दोन गाड्या शेजारी असतील तर कुणाचा वेग कुणाच्या नावावर गेला, ही शंका तिथे रास्त आहे. म्हणून चलनातला फोटो उघडून बघायचा. चौकटीत आपलीच गाडी आहे का, नंबरप्लेट वाचता येते का, शेजारून दुसरी गाडी जाते आहे का?

यंत्र खरं की खोटं हे ठरवायचे नियमही आहेत. ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. स्पीड कॅमेरा असो की स्पीडगन, राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मंजुरी प्रमाणपत्र हवं आणि त्याचं नूतनीकरण दरवर्षी हवं. १ जुलै २०२५ पासून रडारवर चालणाऱ्या वेगमापक यंत्रांना वैधमापन खात्याची पडताळणी आणि शिक्काही सक्तीचा झाला. हे खातं म्हणजे आपलं जुनं वजनमापे खातं. मिरकरवाड्यात मासळी तोलणाऱ्या बाईच्या काट्याला शिक्का लागतो, तसाच आता रडारलाही लागतो. मापात पाप नसावं हा नियम गिऱ्हाईक आणि सरकार दोघांना सारखाच असायला हवा, आणि शिक्का दाखवा म्हणण्यात उद्धटपणा नाही. कायद्याचं १८३ वं कलमही सांगतं, की नुसतं "मला वाटलं गाडी जोरात होती" या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला वेगासाठी शिक्षा होत नाही. त्या मताला यंत्राच्या मोजणीचा आधार लागतो.

पण आमचा खरा वाद पाटीचा आहे. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा दिली आहे. राज्याला ती खाली आणता येते. मात्र कलम ११२ तिथे एक अट घालतं: अधिसूचना काढा आणि योग्य जागी पाट्या लावा. १६७-अ म्हणतो, पुढच्या टप्प्यावर यंत्राने नजर आहे हे सांगणारा फलकही ठळक दिसेल असा लावा. आता आपला मुंबई-गोवा महामार्ग डोळ्यांसमोर आणा. चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे अचानक वळवलेला जुना रस्ता, कुठे अर्धवट पूल, मग पुन्हा काँक्रीट. चालकाला ८० चा रस्ता कुठे संपला आणि ४० चा कुठे सुरू झाला हे फक्त पाटी सांगू शकते. आम्ही चलनातल्या ठिकाणी परत गेलो. ६० ची पाटी होती, नाही असं नाही. पण तिच्यापुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणि वरून पावसाळ्यात चढून वाळलेला वेल. चालत्या गाडीतून '६' चा शेंडा तेवढा दिसत होता.

फोटो काढले, दोन्ही बाजूंनी, तारीख-वेळेसह. चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे ते जोडले. हे करायला अर्धा तास लागतो. पण "जाऊ दे, लोक अदालतीत कमी करून मिळेल" म्हणत बसणारेच जास्त. लोक अदालतीत तडजोड होते हे खरं, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चलनच चुकीचं आहे असं ज्याला मनापासून वाटतं त्याने तिथे निम्मे पैसे भरून गप्प बसणं म्हणजे न केलेल्या गोष्टीची अर्धी कबुली देणं.

आता आमची चूक. नोटीस १५ दिवसांत पाठवली पाहिजे असं नियम म्हणतो. ती गेली असणारच, पण भावाच्या त्या नंबरवर, जो तो विमानात बसला की बंद होतो. रत्नागिरी, खेड, चिपळूण, राजापूर, कुठल्याही मोहल्ल्यात जा: गाडी आखातातल्या मुलाच्या नावावर, चालवणारा भाऊ, भाचा नाहीतर भाड्याचा ड्रायव्हर. चलन मालकाच्या नावाने चढत राहतं आणि घरात कुणाला खबर नसते. गाडीच्या नोंदणीला इथे राहणाऱ्या माणसाचा चालू मोबाइल नंबर जोडून घेणं हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर होतं. चालवणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण दंडापुरतं राहत नाही. कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. दहावीची मुलं क्लासला स्कूटर उडवत येतात आणि बाप मस्कतहून फोनवर कौतुक करतो, हे आम्ही रोज पाहतो.

आखातातून येणाऱ्यांची आणखी एक समजूत असते, वर २० चालतात. दुबईत रडार साधारण मर्यादेच्या २० वर गेल्यावरच पकडतो, त्याची ही सवय. अबुधाबीने तर ही सूट ऑगस्ट २०१८ मध्येच काढून टाकली आणि पाटीवरचा आकडा हाच शेवटचा केला. इथे त्या वीसवर विसंबू नये. आमच्या चलनात सात जास्त होते.

आणि चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाइल. "तुमच्या वाहनाचं चलन, पाहण्यासाठी उघडा" असा निरोप आणि खाली एपीके फाइल. ती उघडली की मोबाइलमधले ओटीपी चोराच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. सरकार एपीके पाठवत नाही. चलन पाहायचं तर स्वतः संकेतस्थळ उघडायचं, ज्याचा पत्ता डॉट गव्ह डॉट इन ने संपतो, आणि गाडीचा नंबर टाकायचा. घरातल्या मोठ्यांना हे आजच सांगा. आमच्या अब्बांनी एकदा बोट टेकवलंच होतं, नेट बंद होतं म्हणून वाचले.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, त्यांचा राग आम्हाला समजतो. मध्यम आणि अवजड वाहनाला वेगाचा दंड २,००० ते ४,००० आहे. कर्जाच्या हप्त्यावर ट्रक चालवणाऱ्याची एका फेरीची कमाई त्यात जाते. तरी त्या रागात कॅमेरेच नकोत असं म्हणणाऱ्यांबरोबर आम्ही नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि केंद्राच्याच अहवालानुसार त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४. वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर मांडतो: कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाची मोटार, चालकाचा एक सेकंद धरून, साधारण ३७ मीटरवर थांबते. ८० ला तेच ५७ मीटर. कोकणातल्या पावसात याहून कितीतरी जास्त. आणि रत्नागिरी ते हातखंबा या बारा-तेरा किलोमीटरांत ८० ने गेल्यावर वाचतात जेमतेम तीन मिनिटं.

पहिल्या चलनाचे २,००० रुपये आम्ही भरले, भावाच्या हातात पावती दिली. दुसऱ्याची तक्रार अजून 'प्रलंबित' दाखवते आहे. गाडी विकायची राहिली. गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने गेलो तेव्हा फ्लेक्स बदललेला होता, वाढदिवस दुसऱ्या कुणाचा तरी होता. पाटी अजून त्याच्यामागेच.