लहान माशाचा मान

मोठें तें थोर व लहान तें क्षुद्र, ही समजूत मनुष्याच्या मनांत फार खोल मुरलेली आहे. ती किती फोल आहे, हें इंग्लंडांतील तपकिरी ट्राउट मासा उत्तम प्रकारें शिकवितो.

हँपशरमधील टेस्ट नदीस खडूच्या थरांतून झिरपलेलें पाणी मिळतें. त्यांत पाणवनस्पति व कीटक विपुल; म्हणून तेथील ट्राउट चांगला पोसतो. याच्या उलट, डेव्हनमधील डार्टमूरचे ओहोळ ग्रॅनाइटच्या खडकांवरून वाहतात. त्यांचें पाणी आम्ल व अन्नानें दरिद्री. तेथें तीन-चार वर्षांचा प्रौढ ट्राउटहि बहुधा वीतभरच भरतो. त्याच्या खवल्यांवरील वलयें पाहिलीं म्हणजे वयाचा अंदाज येतो, व तो पिलूं नव्हे हें कळतें.

गळास पिसें व धागा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीनें त्यास धरूं पाहणारा नवशिका प्रथम हिरमुसतो. परंतु पाण्यावर आपली सावलीहि पडूं न देतां, गुडघ्यांवर सरकत जावें, तरी तो चपळ जीव माशी तोंडांत घेऊन निमिषांत टाकून देतो! अखेर हातीं आलाच, तर त्याच्या अंगावरील तांबडे ठिपके पाहतांना तराजूची आठवण राहत नाहीं. ओल्या हातानें त्यास अलगद सोडून द्यावेसें वाटतें.

कोणाचेंहि माप घेण्यापूर्वीं त्यास कोणतें पाणी लाभलें हें पाहावें, असें आमचें मत आहे. मुलांचे गुण वाचतांना पालकांनीं, व सोबत्यास हिणवितांना मुलांनीं, एवढें अवश्य ध्यानांत आणावें.