पाहुण्यांची वाट आणि घरधन्याची हजेरी

घरीं पाहुणा यावयाचा असला म्हणजे शेतकऱ्याची कारभारीण काय करते? आधीं रांजणांत पाणी किती आहे तें पाहते, कणगींत दाणा किती आहे तें पाहते, आणि मग ओसरीवर घोंगडें अंथरते. पोरांच्या तोंडचें पाणी काढून पाहुण्याचे पाय धुण्याची रीत आमच्या कुणब्या-माळ्यांत नाहीं, आणि सुतार, लोहार, कुंभारांतही नाहीं. पण ही साधी घरगुती अक्कल आमच्या लहान शहरांच्या योजना आंखतांना कोणत्या खुंटीला टांगून ठेवतात, हें आम्हांस कळत नाहीं.

सातारा जिल्ह्याकडेच पाहा. वाई, पांचगणी, महाबळेश्वर, मेढा आणि खुद्द सातारा हीं सारीं लहान गांवें-शहरें. सुटीचा दिवस आला कीं पसरणीच्या घाटांत मोटारींची रांग लागते. मंडळी टेबललँडवर घोड्यावर बसतात, वेण्णा तलावांत नावेंतून फिरतात, वाईच्या घाटावर घटकाभर टेकतात आणि सायंकाळीं परततात. या पाहुण्यांशीं आमचें वैर नाहीं. घोडेवाला, कणसें भाजणारी बाई, चपला शिवणारा कारागीर, स्ट्रॉबेरी पिकविणारा शेतकरी या सर्वांच्या चुली त्यांच्या पैशावर पेटतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें आमच्याच लोकांच्या घामाचें फळ आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. पाहुण्यांसाठीं रस्ता कोणाच्या शेतांतून जावयाचा, मोटारी कोणाच्या माळावर उभ्या राहावयाच्या, आणि तलावाचें पाणी आधीं कोणाच्या नळाला यावयाचें, हें ठरवितो कोण?

हें सभेंत ठरतें. आणि सभेच्या दिवशीं आमचा माणूस कोठें असतो? रानांत असतो, भट्टीपाशीं असतो, नाहीं तर पाहुण्याच्या घोड्याचा लगाम धरून उभा असतो. खुर्च्यांवर जमीन घेणारे-विकणारे बसतात, हॉटेलें बांधणारे बसतात. त्यांच्या हातांत नकाशा असतो आणि तोंडांत कायद्याची भाषा असते. आमच्या आजा-पणजांना कुलकर्ण्याच्या लेखणीची धास्ती होती. दप्तरांत काय लिहिलें तें त्यांना वाचतां येत नसे, आणि रान हातचें गेल्यावरच तें कळे. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले, तें याच जाचामुळें. आतां लेखणीची जागा नकाशाच्या रंगानें घेतली आहे. नकाशावर आपल्या गटावर कोणता रंग पडला हें जो पाहत नाहीं, तो आजचा निरक्षर होय, मग त्याचा मुलगा कॉलेजांत शिकत असला तरी!

कायदा आमच्या बाजूस अगदींच नाहीं असें नव्हे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें शहराचा विकास आराखडा आधीं कच्चा प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यावर ३० दिवसांच्या आंत कोणासही लेखी हरकत घेतां येते. हरकत घेणाऱ्याचें म्हणणें समितीला ऐकून घ्यावें लागतें. जमिनीवर आरक्षण पडलें आणि दहा वर्षांत ती घेतली गेली नाहीं, तर मालकाला नोटीस देतां येते. त्यानंतर २४ महिन्यांत ती घेण्याची पावलें पडलीं नाहींत तर आरक्षण उठतें. हें किती जणांस ठाऊक आहे? ३० दिवस म्हणजे एक सुगी. भात कापून, झोडपून घरांत येईपर्यंत मुदत संपलेली असते, आणि मग आमचे लोक चावडीवर बसून नशिबाला बोल लावतात.

आणखी एक गोष्ट सांगतों. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण ती तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना बंधनकारक आहे. वाई-पांचगणीसारख्या लहान गांवांना तें बंधन लागू नाहीं. म्हणजे जेथें लोक एकमेकांस नांवानिशीं ओळखतात, तेथेंच गल्लीची सभा कायद्यानें सक्तीची नाहीं. मग ती आपणच भरवावयास नको काय?

शहर आंखणें हें वरच्या लोकांचेंच काम आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें जयसिंगपूर पाहावें. शाहू छत्रपतींनीं आपल्या जन्मदात्या पित्याच्या नांवानें तें गांव वसविलें, रुंद सरळ रस्ते आंखले आणि व्यापारपेठ उभी केली. कोल्हापुरांत शाहूपुरींत गुळाची पेठ वसविली, तीही शेतकऱ्याचा माल चांगल्या भावानें खपावा म्हणून. योजना वाईट नसते. ती कोणाच्या पोटाकडे पाहून केली, यावर तिचें बरें-वाईट ठरतें.

पाहुणचाराचा हिशेब कसा मागावा, हें जोतीराव फुल्यांनीं दाखवून ठेवलें आहे. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठीं नगरपालिकेनें एक हजार रुपये खर्चावे असा विचार निघाला. सभासद असलेल्या जोतीरावांनीं तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा असें सांगितलें, आणि मत देण्याची वेळ आली तेव्हां ते एकटेच विरुद्ध उभे राहिले. पाहुणा हिंदुस्थानचा सर्वांत मोठा साहेब होता, तरी घरधन्यानें पोरांच्या पाटीचा हिशेब आधीं मांडला. आमच्या आजच्या नगरसेवकांपैकीं किती जणांची अशी छाती आहे?

गांवकऱ्यांनीं मनावर घेतलें तर काय होतें, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशांत गेलें आणि फुलें पाहावयास झुंबड उडाली. तेव्हां वन खात्याबरोबर आसपासच्या गांवांची समिती उभी राहिली. दिवसाला किती माणसें सोडावयाचीं याची मर्यादा ठरली, प्रवेशाची रक्कम ठरली, आणि राखणीचें काम गांवच्याच पोरांना मिळालें. पांचगणीजवळचें भिलार २०१७ सालीं पुस्तकांचें गांव झालें. तेथें पुस्तकांचीं कपाटें शेतकऱ्यांच्या घरांत मांडलीं आहेत. पाहुणा येतो तो शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर येतो.

उलट बाजूही पाहा. कोयनेच्या धरणासाठीं पाटण-जावळीच्या लोकांनीं घरें-शेतें पाण्याखालीं जातांना एकदां पाहिलीं. त्याच मुलखांत नवें महाबळेश्वर वसविण्यासाठीं २०१९ सालीं सातारा, पाटण आणि जावळी या तालुक्यांतील २३५ गांवें रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखालीं आणलीं गेलीं, आणि पुढें गांवांची संख्या आणखी वाढली. तेथें रोजगार येईल असें सांगतात. येवो! पण ज्यांनीं एकदां सर्वस्व दिलें, त्यांच्या पुढच्या पिढीनें या वेळीं नकाशा वाचल्यावांचून मान डोलवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. झाडलोट करणारा आणि ताटें उचलणारा म्हणून मिळालेली जागा ही भागीदारी नव्हे.

म्हणून बंधूंनो, बहिणींनो, चार कामें करा. नगरपालिकेंत आराखडा लागला कीं गल्लींतील दोन शिकलेल्या मुलांना पाठवून आपले गट नंबर ताडून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोंच घेतल्याशिवाय दारांतून बाहेर पडूं नका. सुनावणीला एकट्यानें जाऊं नका. माळी, कुंभार, घोडेवाला, मजूर यांनीं एका गाडींतून जावें. आणि बायकांना बरोबर न्या, कारण पाणी कोठून येतें व कोठें आटतें हें नकाशा काढणाऱ्यापेक्षां हंडा वाहणारीला अधिक कळतें.

पाहुण्याला जरूर बोलवा, भाकरी द्या, गूळ-पाणी द्या. पण घर कोणाचें आहे, हें सभेंत जाऊन सांगावयाचें काम घरधन्याचें आहे. तो गैरहजर राहिला, तर उद्यां त्याच्याच ओसरीवर त्याला पाहुणा म्हणून उभें राहावें लागेल.