वंशाचे खरे दिवे

परवा आमच्या बचत गटाची बैठक आटोपत आली होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहाही झाला. उठता उठता वाडीवरच्या एका वहिनीनं सांगितलं, की तिच्या काजूच्या बागेत कुंपणाच्या जाळीत खवले मांजर अडकलं होतं. नवरा आणि दीर ते बघत उभे होते, तोवर कुठून तरी सुगावा लागलेले दोघंजण मोटरसायकलवरून हजर झाले. वर्षभराच्या काजूचे येत नाहीत एवढे पैसे त्यांनी बोलून दाखवले. वहिनीनं नवऱ्याला आत बोलावलं. "पोराच्या फीचं आपण बघू काहीतरी, पण हे पैसे घरात नकोत," असं बजावलं आणि वनखात्याला फोन करायला लावला. रात्री ते जनावर रानात सोडलं गेलं.

"पण ताई, आता वाडीतल्या बायका मलाच हसतात. म्हणतात, जनावर गेलं, पैसेपण गेले. तुला काय गावलं?"

त्या प्रश्नावर मी गप्प बसले. गटाची अध्यक्ष म्हणून चार शब्द बोलायची मला सवय आहे, पण तेव्हा खरंच काही सुचलं नाही. घरी येऊन मुलीला सांगितलं. ती प्राणिशास्त्र शिकते. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, विज्ञानाशी काडीमोड दहावीलाच झालेला. ती म्हणाली, "आई, ते खवले मांजर 'एज'च्या यादीतलं आहे." आणि मग त्या यादीची, ती करणाऱ्या माणसांची गोष्ट मी तिच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून समजून घेतली.

'झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन' ही १८२६ साली स्थापन झालेली प्राणिशास्त्राची संस्था. तिथल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी २००७ साली 'एज ऑफ एक्झिस्टन्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. अस्तित्वाच्या अगदी कडेवर उभ्या असलेल्या जिवांसाठीचा. जोनाथन बेली, निक आयझॅक, सॅम टर्वे, बेन कॉलेन आणि कार्ली वॉटरमन ही त्यातली नावं. त्यांना पडलेला प्रश्न आपल्या घरातलाच होता. पैसा थोडा आणि गरजा भरपूर, तर आधी कोणाकडे बघायचं?

तोवर मदत जायची ती वाघ, हत्ती, पांडा यांच्याकडे. दिसायला देखणे, नावाजलेले. घरात नाही का, बोलक्या, हुशार मुलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि कोपऱ्यातल्या अबोल पोरीला ताप आलाय हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही! या मंडळींनी मग चेहरा न बघता गणित मांडायचं ठरवलं. प्रत्येक प्राण्याला दोन गोष्टींवरून गुण. पहिली, तो वंशवृक्षावर किती एकटा आहे. दुसरी, तो संपायला किती आला आहे. धोक्याची एकेक पायरी चढली की नामशेष होण्याची शक्यता दुप्पट, असं धरून हिशोब केला.

यातली एकटेपणाची गोष्ट जरा समजून घेऊ. उंदरांच्या जाती शेकड्यांनी आहेत. त्यातली एक गेली तर वाईटच, पण तिच्या जवळच्या बहिणी मागे उरतात. खवले मांजराच्या मात्र साऱ्या जगात मिळून आठच जाती उरल्या आहेत. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. मांजर-कुत्र्यांच्या कुळाशी असलेलं त्याचं नातं कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळं झालं. तोंडात दात नाहीत, लांब जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातं, अंगावर खवले, आणि भ्यालं की चेंडूसारखं गुंडाळून घेतं. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ती त्याला शेपटीवर बसवून फिरते. हे कुळ गेलं तर त्याच्यासारखं दुसरं काही उरत नाही.

'वंशाचा दिवा' हा शब्द आपण बायकांनी इतका ऐकलाय, आणि असा ऐकलाय, की तो कानावर आला तरी कपाळाला आठी पडते. पण हे वाचताना वाटलं, खरे वंशाचे दिवे हेच. एक विझला की अख्ख्या घराण्यात अंधार.

आणि असा एक दिवा या माणसांच्या डोळ्यांदेखत विझला. चीनमधल्या यांगत्से नदीत 'बायजी' नावाचा डॉल्फिन होता. २००६च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी सहा आठवडे दोन बोटींतून ती नदी पिंजून काढली. त्यात सॅम टर्वेही होते. एकही बायजी दिसला नाही. मुद्दाम त्याला मारायला कोणी निघालं नव्हतं. मासेमारीची जाळी, गळ, बोटींची वर्दळ यांतून तो संपत गेला आणि परिषदा होत राहिल्या. टर्वे यांनी पुढे या साऱ्यावर पुस्तकच लिहिलं. एज कार्यक्रमाच्या मुळाशी ही चुटपुट आहे, असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, मग ज्यांना गुण कमी पडले त्यांना मरू द्यायचं का? तर नाही. वाघाचं पान काढून घ्यायचं नाहीये. ज्यांचं पान कधी मांडलंच गेलं नाही, त्यांच्यासाठी पंगतीत जागा करायची आहे.

पण माझ्या मनातला खरा प्रश्न पुढचा आहे. लंडनमध्ये बसून यादी झाली. दिवा मात्र वाऱ्यात आहे तो आपल्या काजूच्या बागेत. त्याच्याभोवती हात धरायचा कोणी?

हे त्या मंडळींनाही कळत होतं. म्हणून त्यांनी त्या त्या देशातल्याच तरुण मुलामुलींना 'एज फेलो' म्हणून निवडायला सुरुवात केली. प्रशिक्षण, थोडे पैसे, अनुभवी मार्गदर्शक आणि आपल्या भागातल्या एका प्राण्याची जबाबदारी. आजवर असे शंभरावर फेलो तयार झाले आहेत. केरळचे संदीप दास त्यांतले एक. त्यांचा प्राणी म्हणजे आपल्याच सह्याद्रीतला जांभळा बेडूक. शास्त्राला त्याची ओळख २००३ साली झाली. त्याचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर. वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खातो आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर येतो. केरळात ओणमला पाताळातून वर्षातून एकदा भेटीला येणाऱ्या महाबली राजाची आठवण ठेवून त्याला 'महाबली बेडूक' म्हणतात. पण इडुक्कीकडच्या काही आदिवासी वस्त्यांत ओढ्यातली त्याची माशासारखी पिल्लं खाल्लीही जातात. तिथे लंडनची यादी दाखवून काय उपयोग? तिथली भाषा बोलणारा, ओढ्याकाठी बसून ऐकून घेणारा माणूसच लागतो.

गावातल्या माणसांना काय माहीत असतं, याचंही एक उदाहरण सांगते. इंडोनेशियातल्या पापुआमध्ये सायक्लॉप्स नावाचे डोंगर आहेत. तिथल्या लांब चोचीच्या एकिड्नाचा, म्हणजे अंडी घालणाऱ्या काटेरी सस्तन प्राण्याचा, शास्त्राकडे १९६१चा एकच नमुना होता. २००७ साली एजची मंडळी तिथे गेली. प्राणी दिसला नाही, पण त्यानं चोच खुपसून जमिनीत पाडलेली भोकं दिसली. गावकऱ्यांना तो ठाऊकच होता. तिथल्या एका गावात तर रीत आहे, की दोघांचं भांडण झालं तर एकानं रानात हा प्राणी शोधायला जायचं आणि दुसऱ्यानं समुद्रात मार्लिन मासा. दोन्ही सापडायला इतकी वर्षं लागतात, की तोवर भांडण संपतं! अखेर २०२३ साली ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ आणि तिथलीच एक संस्था यांच्या मोहिमेत कॅमेऱ्यानं तो टिपला, तोही मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डवर.

आपल्याकडेही असं काम आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र'नं वेळासला कासवांसाठी जे केलं ते आता सर्वांना माहीत आहे. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी खवले मांजरासाठीही गावोगाव फिरले आहेत. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं तर 'खवलोत्सव' करून खवले मांजराची प्रतिकृती पालखीतून मिरवली. ज्याला पकडलं जायचं, त्याला पालखीत बसवलं. कायद्याची कलमं वाचून दाखवण्यापेक्षा हे लवकर पोचतं.

कायदा आहेच. खवले मांजराला आपल्याकडे वाघाइतकंच संरक्षण आहे. २०१६ साली जगातल्या बहुतेक देशांनी मिळून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीही ठरवली. तरी खवल्यांच्या मागे माणसं लागतातच, औषध म्हणून. ते खवले कशाचे, तर आपली नखं आणि केस ज्याचे बनतात त्याच केराटिनचे. नखं खाऊन कोणाचा आजार बरा झालाय का?

एवढं सगळं वाचून मी वहिनीच्या प्रश्नापाशी परत आले. तिला काय गावलं? खरं उत्तर, काही नाही. फेलोला निदान फेलोशिप मिळते, शास्त्रज्ञाला पगार आणि नाव. जिनं फीचे पैसे समोर दिसत असताना ते नाकारले, तिच्या नावाची ओळ कुठल्याच अहवालात नसते. मला वाटतं, अशा सगळ्याच कार्यक्रमांची ही उणी बाजू आहे. प्राण्याची किंमत मोजायला गणित निघालं, पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या बाईच्या त्यागाचं गणित अजून कोणी मांडलेलं नाही. कुंपणाची जाळी बदलायला मदत, मुलांच्या शिक्षणाला हातभार, निदान गावात मान. यातलं काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या घरात मोटरसायकलवाल्यांचं ऐकलं जाईल, आणि त्या घराला दोष द्यायला मला तरी तोंड नसेल.

गटात आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. वहिनीच्या मुलाच्या फीसाठी गटातून बिनव्याजी कर्ज. आणि फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे जागतिक खवले मांजर दिनाला, तिची खणा-नारळानं ओटी. तिला हसणाऱ्या बायकांना आमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या सासूबाईंना, आजीला एकदा विचारून बघा. पूर्वी दिसायचा आणि आता दिसत नाही असा कुठला जीव तुमच्या गावात होता? आणि तो जपणारं कोणी होतं का, तेही विचारा. त्या माणसाचं नाव मात्र लिहून ठेवा.