आधी काय काम करत होतात?

माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, केसपेपरवर 'सवयी'पुढे लिहिलं होतं, 'विडी, ३५ वर्षं'. 'व्यवसाया'पुढे एकच शब्द होता, 'निवृत्त'. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान सांगताना डॉक्टर म्हणाले, "विडीनं घात केला." आम्हालाही ते पटलं.

निवृत्तीआधी २६ वर्षं दादा बॉयलरवर आणि वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढवत होते. हे कोणी विचारलं नाही, आणि सांगायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. वेष्टण करवतीनं कापताना उडालेली पांढरी भुकटी संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर दिसायची. चाळीच्या गॅलरीत शर्ट झटकूनच ते घरात पाऊल टाकायचे. तोंडाला बांधायला कारखान्यानं दिलं होतं एक फडकं.

विडीला मी माफ करत नाही. पण डॉ. आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या, हेच काम करणाऱ्या सुमारे १७,८०० कामगारांचा अभ्यास केला. त्याचे आकडे १९७९ साली प्रसिद्ध झाले. ना धूळ ना धूर, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका १ धरला, तर नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे तो सुमारे ५ पट होतो, नुसत्या धूम्रपानामुळे ११ पट. दोन्ही असतील, तर ५० पटींहून जास्त. हा पाच अधिक अकराचा हिशेब नाही, पाच गुणिले अकराचा आहे. मग केसपेपरवर एकटी विडीच का?

कारण हा कॅन्सर बहुधा २० ते ४० वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर कामगार घरी बसलेला असतो. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली आदेश दिला होता: अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. दादांची नोंद मागायला मी गेले, तेव्हा "जुनं रेकॉर्ड नाही" एवढंच ऐकून परत आले. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण कामाची नोंदच नसेल, तर भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: रुग्ण निवृत्त असला, तरी आयुष्यभर काय काम केलं ते विचारा आणि लिहा. या धुळीत राबलेल्या भावांनो, फुप्फुसात रुतलेले तंतू काढता येत नाहीत, पण विडी आज टाकता येते. ती सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो. आणि सरकारनं अ‍ॅस्बेस्टॉसची आयात थांबवावी. ब्रिटननं १९९९ मध्येच बंदी घातली, आपल्याकडे ते अजून बाहेरून येतं.

आई आता ७४ वर्षांची आहे. विडीला तिनं कधी हात लावला नाही. गेल्या महिन्यात खोकल्यासाठी तिला दवाखान्यात नेलं. केसपेपरवर 'गृहिणी' लिहून पेन पुढे सरकलं, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. दादांचे ते शर्ट २६ वर्षं हिनंच मोरीत धुतलेत. तेवढं लिहा."