विश्लेषण : स्वतःचा मेल सर्व्हर उभारणे सोपे, मग पत्र पोहोचवणे अवघड का?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा गेल्या वर्षी सुरू होता होताच अडली. ‘मला सूचना मिळालीच नाही,’ असे एक निवृत्त प्राध्यापक उभे राहून म्हणाले. पाठोपाठ आणखी चार-पाच हात वर झाले. सचिवांनी माझ्याकडे पाहिले, कारण वाचनालयाचा मेल सर्व्हर हौसेने मीच उभारून दिला होता. मी लॅपटॉप उघडून लॉग दाखवला. प्रत्येक नावासमोर ‘पाठवले’ अशी नोंद होती. ‘अरे, मग गेलं कुठे?’ सचिवकाकांनी विचारले. प्राध्यापक खोटे बोलत नव्हते आणि सर्व्हरही खोटे बोलत नव्हता. या दोन खऱ्यांमधली जागा समजून घेतली, की आजच्या ईमेलचे बरेचसे राजकारणही समजते.

मेल सर्व्हर म्हणजे नेमके काय?

ईमेल कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. एका सर्व्हरने दुसऱ्याला पत्र कसे द्यायचे याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून खुले केले. तोच पाया आजही आहे. नियम पाळणारा कोणीही स्वतःचे टपाल कार्यालय उघडू शकतो. त्यासाठी स्वतःचे डोमेन, भाड्याचा एक छोटा सर्व्हर आणि मोफत सॉफ्टवेअर पुरते. पत्रांची ने-आण ‘पोस्टफिक्स’ करते, तर आलेली पत्रे पेटीत ठेवून वाचकाला दाखवण्याचे काम ‘डव्हकॉट’ करते. ‘या डोमेनची पत्रे अमुक सर्व्हरवर आणून द्या’ असे जगाला सांगणारी एमएक्स नोंद डीएनएसमध्ये टाकली, की पत्रे येऊ लागतात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी शनिवार-रविवारात इथवर पोहोचतो. मीही पोहोचलो होतो.

मग अडते कुठे?

पत्र येणे सोपे, पाठवणे कठीण. पहिली अडचण पोर्ट २५ ची. सर्व्हर एकमेकांशी याच दारातून बोलतात; स्पॅम रोखण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या आणि घरगुती इंटरनेट पुरवठादार हे दार बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात. मोबाइल किंवा लॅपटॉपवरून आपल्या सर्व्हरकडे पत्र सोपवायची दारे वेगळी, ५८७ किंवा ४६५. नवखे लोक इथेच गोंधळतात. पत्र आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण पुढे जात नाही आणि रांगेत पडून राहते. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस प्रयत्न करून मगच ते परत करतो.

पुढे ओळख पटवण्याचा भाग येतो. आयपी पत्त्यावरून उलट शोध घेतला असता सर्व्हरचे नाव मिळावे लागते. याला पीटीआर नोंद म्हणतात आणि ती सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडूनच लावावी लागते. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनची पत्रे कोणत्या आयपी पत्त्यांवरून निघू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची डिजिटल मोहोर. मजकुरात नंतर बदल झाला तर ती तुटते. डीमार्क या दोघांच्या वर बसतो. पत्रावर ज्या प्रेषकाचे डोमेन दिसते, त्याच्याशी जुळणारी दोघांपैकी एक तरी तपासणी उत्तीर्ण झाली पाहिजे. नाहीतर पत्र जाऊ द्यायचे, स्पॅममध्ये टाकायचे की नाकारायचे, हे धोरण डोमेनमालक त्यात सांगतो.

वाचनालयाची सूचना कुठे गेली?

सभेनंतर प्राध्यापकांच्या फोनवरचा स्पॅम कप्पा उघडला. सूचना तिथे होती. पत्राचा मूळ तपशील पाहिला तर एसपीएफ नापास, डीकेआयएमही नापास. सर त्यांच्या जुन्या महाविद्यालयाचा पत्ता वापरत आणि तिथली पत्रे आपोआप त्यांच्या खासगी पेटीत जात. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर पत्र आमच्या नव्हे, तर महाविद्यालयाच्या सर्व्हरवरून आले होते, आणि तो आमच्या एसपीएफ यादीत असण्याचे कारणच नव्हते. अशा पुढे पाठवलेल्या पत्रांना डीकेआयएमची मोहोर तारते. पण मोहोर लागल्यानंतर आमच्याच सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट प्रत्येक पत्राखाली ‘वाचनालय सोमवारी बंद असते’ ही ओळ जोडत होती. लिफाफा सील करून मग आत आणखी एक चिठ्ठी सरकवावी, तसा प्रकार. मोहोर तुटली. आणि दोन्ही तपासण्या नापास झाल्यास पत्र स्पॅममध्ये टाका, असे डीमार्क धोरण मीच मोठ्या रुबाबात लावले होते. हात वर करणाऱ्या बाकीच्यांपैकी बहुतेकांची पत्रेही अशीच दुसऱ्या पत्त्यावरून फिरून येत होती.

चूक माझी होती. ती मी सभेत कबूल केली, सभा पंधरा दिवस पुढे गेली आणि सूचना छापून घरोघर वाटली गेली.

बिघाड शोधायचा कसा?

सर्व्हर काय म्हणतो ते आधी वाचावे. चारने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘नाही’. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम एकदा परत पाठवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे ४५१ दिसला म्हणून लगेच मांडणी बदलू नये. काही पत्रे पोहोचतात आणि काही परत येतात, असे झाले तर आयपीव्ही६ तपासावे. माझ्या सर्व्हरला जुना आणि नवा असे दोन्ही प्रकारचे पत्ते होते. पीटीआर मी फक्त जुन्याला लावला होता. सर्व्हर ज्या दिवशी नव्या पत्त्यावरून बोले, त्या दिवशी पत्रे परत येत. एक आख्खी सुट्टी त्यात गेली.

तिसरी नेहमीची डोकेदुखी प्रमाणपत्राची. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे मोफत प्रमाणपत्र ९० दिवस चालते. ते आपोआप नवे होते, पण डव्हकॉटला ते पुन्हा वाचायला सांगितले नसेल तर तो जुनेच दाखवत राहतो आणि एके सकाळी सगळ्यांचे फोन इशारे देऊ लागतात. डीमार्कची सुरुवात नेहमी ‘काही करू नका, फक्त अहवाल पाठवा’ या सौम्य धोरणाने करावी. काही आठवडे अहवाल पाहिले असते, तर आमची तुटलेली मोहोर सभेआधीच दिसली असती.

सगळे बरोबर असूनही पत्र स्पॅममध्ये का जाते?

माझी तक्रार इथून सुरू होते. वरच्या सगळ्या चुका मी दुरुस्त केल्या. तरीही एका मोठ्या मेल कंपनीकडे आमची पत्रे महिनोन्‌महिने स्पॅममध्येच जात राहिली. त्यांचा सर्व्हर दरवेळी २५० हा कोड देई, म्हणजे ‘स्वीकारले’. पण स्वीकारले म्हणजे इनबॉक्समध्ये ठेवले असे नव्हे. पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोहोचले, घेणाऱ्याला वाटते पाठवलेच नाही. सभेत नेमके हेच झाले होते. फरक इतकाच की तेव्हा कारण सापडले होते. या वेळी अर्ज भरला, आणि उत्तर आले ते साचेबद्ध. भाड्याच्या आयपी पत्त्याचा आधीचा भाडेकरू किंवा शेजारचे पत्ते बदनाम असतील, तर त्याचा डाग नव्या माणसाला लागतो, हे मला माहीत आहे. आमच्याबाबत तेच झाले का, हे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

मोठ्या कंपन्यांची बाजू चुकीची आहे का?

पूर्णपणे नाही. नियम सैल असते तर आपल्या पेट्या लॉटरीच्या आणि बनावट केवायसीच्या पत्रांनी भरून वाहिल्या असत्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने प्रेषकांसाठी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले. लहान प्रेषकांनाही पहिल्या दोनपैकी एक, पीटीआर आणि सांकेतिक जोडणी आवश्यक ठरली. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलूकच्या ग्राहकसेवेसाठी मोठ्या प्रेषकांवर असेच नियम लावले. हे नियम लिहिलेले आहेत, म्हणून पाळता येतात. त्यांना माझा विरोध नाही.

विरोध आहे तो न लिहिलेल्या नियमाला. गूगल म्हणते, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. तीनशे सदस्यांना सूचना पाठवली आणि एकाने चुकून ते बटण दाबले, तर तिथेच ०.३३ टक्के होतात. मोठ्या प्रेषकाला हे आकडे पाहता येतात. वाचनालयाएवढ्या लहान प्रेषकाला त्या साधनात बहुतेकदा काहीच दिसत नाही. पत्र नको असेल तर दारातच पाचचा कोड देऊन कारण सांगावे, आणि लहान प्रेषकाचे म्हणणे ऐकणारा माणूस कुठेतरी बसवावा. एवढी मागणी अवाजवी नाही. कारण न सांगता बाजूला टाकलेले पत्र हे नाकारलेल्या पत्रापेक्षा वाईट.

मग संस्थांनी काय करावे?

सगळे मोठ्या कंपनीकडे सोपवून निर्धास्त व्हावे, हे उत्तर पुरेसे नाही. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुंबईस्थित नायरा एनर्जीच्या ईमेलसह काही सेवा बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. गावच्या पतसंस्थेकडे किंवा शाळेकडे ती नसते.

म्हणून माझे मत असे, की सर्व्हर स्वतःचा असो वा नसो, डोमेन स्वतःचे हवे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल व्यवस्था झोहोच्या मंचावर गेल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर आले. पत्ते मात्र सरकारी डोमेनचेच राहिले. यंत्रणा बदलली, पत्ता बदलला नाही. फुकटच्या खात्यावर चालणाऱ्या संस्थेला ही सोय नसते. खाते गेले की पत्ता जातो, आणि पत्त्याबरोबर ओळखही. वर्षाकाठी डोमेनचा खर्च एखाद्या संस्थेच्या चहापाण्याएवढाही नसतो. ते सचिवाच्या भाच्याच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहून ठेवावी.

ज्याला शिकायचे आहे, ज्याच्याकडे रात्री रांग तपासायला वेळ आहे आणि सुट्टीवर गेल्यास सांभाळणारा दुसरा माणूस आहे, त्याने सर्व्हर जरूर चालवावा. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा आणि तो उघडतो का, हे वर्षातून एकदा पाहावे. एकट्याच्या हौसेवर मात्र संस्थेचा पत्रव्यवहार टांगू नये.

वाचनालयात आम्ही मधला मार्ग काढला. येणारी पत्रे आमच्याच सर्व्हरवर येतात. जाणारी पत्रे एका सशुल्क सेवेमार्फत निघतात, कारण तिच्या आयपी पत्त्यांना मोठ्या कंपन्या ओळखतात. पत्र पोहोचवण्यासाठी ओळखीचा माणूस मध्ये घालावा लागतो, हे मला आजही खटकते. तरीही वाचनालयाचा पत्ता वाचनालयाचा आहे, आणि उद्या मध्यस्थ बदलला तरी तो बदलणार नाही. यंदाच्या सभेला प्राध्यापक आले, मेल मिळाल्याचे त्यांनी सांगितले आणि सूचनेतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.