खोटं एकदा, अविश्वास किती दिवस?

भगिनींनो, मुलांना वळण लावायच्या गोष्टी निघाल्या की आपण मुलांच्याच चुका सांगत बसतो. आज मी माझी स्वतःची चूक सांगणार आहे.

आमचं घर अष्टमीला. कुंडलिकेचा पूल ओलांडला की रोह्याची बाजारपेठ. चारेक महिन्यांपूर्वी माझ्या १० वर्षांच्या मुलाला सासूबाईंचं औषध आणायला रोह्याला पाठवलं. परत आणलेल्या पैशांत ३० रुपये कमी. विचारलं तर म्हणाला, "औषध महाग झालंय." बिल पाहिलं तर भाव तोच. पैसे मित्रांबरोबर वडापावात गेले होते. रागावले, समजावलं आणि विषय संपला असं म्हणाले. पण माझ्या मनातून तो काही संपला नव्हता, बरं का!

पुढच्याच महिन्यात डब्यातली २०० रुपयांची नोट दिसेना. मी सरळ त्यालाच हाक मारली. "अम्मी, मी नाही घेतली," तो म्हणाला. "मागच्या वेळीही असाच साळसूद चेहरा केला होतास!" सासूबाई बसल्या होत्या, नणंद आली होती. सगळ्यांदेखत मी त्याला खोटारडा म्हटलं आणि आठवडाभर त्याचं खेळायला जाणं बंद केलं.

चौथ्या दिवशी मासळीवाली दारात पाटी उतरवून म्हणते, "भाबी, त्या दिवशी दोनशेची नोट दिलीस, माझ्याकडे सुटे नव्हते. हे घे तुझे ऐंशी." मांदेली घेताना घाईत नोट मीच दिली होती नि साफ विसरले होते! मुलगा तिथेच अभ्यास करत बसला होता. ओरडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "मी खरं बोललो तरी तू खोटंच समजलीस. मग खरं कशाला बोलायचं?"

काय उत्तर देणार?

त्या रात्री मला कुराणातली हजरत यूसुफ यांची कथा आठवली. बारावा अध्याय त्यांच्याच नावाचा आहे. भावांनी लहानग्या यूसुफला विहिरीत टाकलं, सदऱ्याला खोटं रक्त लावलं आणि वडिलांना, म्हणजे हजरत याकूब यांना, लांडग्याने खाल्लं म्हणून सांगितलं. पुढे बऱ्याच वर्षांनी हेच भाऊ धान्यासाठी मिसर देशी, म्हणजे इजिप्तला गेले. तिथे धाकट्या भावाच्या सामानात राजाचं माप सापडलं आणि त्याला ठेवून घेतलं गेलं. घरी येऊन या वेळी त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. तरी वडिलांना ते पटलं नाही!

एका खोट्यामुळे पुढचं खरंही बुडतं, हा बोध मी लहानपणापासून ऐकलेला. पण त्या रात्री गोष्टीतली दुसरी बाजू दिसली. धाकट्याला या भावांबरोबर धाडायची वेळ आली तेव्हा याकूब यांनी मनातला संशय लपवला नाही. पूर्वी यूसुफच्या वेळी ठेवला तसाच विश्वास पुन्हा ठेवू का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. पण दारही बंद केलं नाही. अल्लाहला साक्षी ठेवून वचन घेतलं, त्यातही तुम्ही सगळेच संकटात सापडलात तर गोष्ट निराळी, अशी सवलत ठेवली आणि मुलगा त्यांच्या हवाली केला. शेवटी भावांनी अपराध कबूल केला तेव्हा त्यांच्यासाठी क्षमा मागायचंही कबूल केलं.

पाहा ना, आपण मात्र काय करतो? "आता तुझ्यावर माझा विश्वास नाही," म्हणतो आणि किल्ली कमरेला खोचतो. पण पुन्हा काही सोपवलंच नाही, तर तो पोर खरा ठरणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर, नणंदेला फोन लावून, मी मुलाची माफी मागितली. चारचौघांत बोल लावला होता, तेव्हा माफीही चारचौघांतच हवी. त्यानंतर घरात काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, मुलाला पेचात पकडू नका. काच कुणी फोडली हे ठाऊक असताना "खरं सांग, कुणी फोडली?" असं दरडावून विचारलं, की घाबरलेलं मूल खोट्याकडेच धावतं. त्यापेक्षा "काच फुटलेली मी पाहिली. आता काय करायचं ते ठरवू," म्हणावं.

दुसरी, कबुली दिली तर शिक्षा हलकी हवी, पण भरपाई सुटता कामा नये. आमच्या धर्मात तौबा म्हणजे नुसतं "चुकलो" म्हणणं नव्हे. ती चूक सोडायची, मनापासून पश्चात्ताप करायचा, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा आणि कुणाचा हक्क बुडवला असेल तर तो परत करायचा. मुलाने ईदीच्या पैशांतून ३० रुपये दादीच्या हातावर ठेवले, तेव्हा कुठे त्याचा चेहरा मोकळा झाला.

तिसरी, "खोटारडा" हे नाव चिकटवू नका, आल्यागेल्याला त्याची चूक सांगू नका. दुसऱ्याचे दोष झाकावेत, ही पैगंबरांची शिकवण आपण शेजाऱ्यांसाठी पाळतो नि पोटच्या पोराला विसरतो!

चौथी, विश्वास थोडाथोडा नि मुदतीने परत द्या. आम्ही ठरवलं की एक महिना तो आणेल त्या वस्तूचं बिल दोघांनी मिळून पाहायचं. महिना नीट गेला की मोजणं बंद. शिक्षेला शेवट असला की मूल त्या दिवसाकडे डोळे लावून चालतं.

गोष्टी सांगतानाही जरा विचार करा. आपण हमखास "लांडगा आला रे आला" सांगतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळण्याकडे चोरून पाहू नको, असं सांगून मुलाला एकटं ठेवायचं, मग एक गोष्ट वाचून दाखवायची आणि पाहिलंस का, असं विचारायचं. लांडग्याच्या गोष्टीने काही फरक पडला नाही. पण झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची दंतकथा ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. त्या गोष्टीत वडील खरं बोलल्याबद्दल मुलाचं कौतुक करतात ना!

आणि शेवटची गोष्ट आपल्याच पदरात बांधायची. एक आई मुलाला "ये, तुला काहीतरी देते," म्हणून बोलावत होती. पैगंबरांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितलं की काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. आता आठवा बरं, "रडू नको, बाजारातून चॉकलेट आणते" किंवा "फोनवर सांग, अम्मी घरात नाही" हे दिवसातून कितीदा म्हणतो आपण? मुलं ऐकत असतात.

गेल्या आठवड्यात महिन्याची मुदत संपली आणि औषधाला पुन्हा त्यालाच धाडलं. परत आल्यावर त्याने बिल नि सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मी मोजते का ते पाहत उभा राहिला. मी न मोजता डब्यात टाकले.

मोजायचा मोह झाला होता. खोटं कशाला सांगू?